रोह्याचे चिंतामणराव आणि मनिलाचा हिशेब

फिलिपिन्स आणि रोहा यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. एक प्रशांत महासागरातील सात हजारांहून अधिक बेटांचा देश. दुसरे कुंडलिकेच्या काठी वसलेले, धावीर महाराजांच्या पालखीमुळे ओळखले जाणारे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. परंतु हा संबंध आहे, आणि तो अभिमान वाटावा असा आहे. रॅमन मॅगसेसे यांच्या नावाने मनिलाहून दिला जाणारा पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. त्या पहिल्या वर्षीचे भारतीय मानकरी होते आचार्य विनोबा भावे; त्यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोद्याचा. दुसऱ्या वर्षी, १९५९ साली, शासकीय सेवेसाठीचा पुरस्कार मिळाला चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना. त्यांचे घराणे रोह्याचे. ज्या पुरस्काराला पुढे आशियात एवढी प्रतिष्ठा लाभली, त्याचे पहिले दोन भारतीय मानकरी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांनी दिले. पेण आणि रोहा येथील किती शाळांत हे मुलांना सांगितले जाते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

त्या देशाच्या तिजोरीची २०२५ साली जगापुढे आलेली अवस्था, आणि या दोन थोर पुरुषांच्या तालुक्यांत सार्वजनिक पैशाची झालेली अवस्था, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मॅगसेसे हे काही घराणेशाहीतून आलेले नेते नव्हते. एका वाहतूक कंपनीत यंत्रदुरुस्तीचे काम केलेला हा माणूस संरक्षणमंत्री झाला, तेव्हा कोणाही नागरिकाने दहा सेंटाव्होंची तार करून आपली तक्रार थेट मंत्र्याकडे पाठवावी, अशी व्यवस्था त्याने केली. १९५३ च्या अखेरीस ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि राजवाड्याचे दरवाजे सामान्य जनतेस खुले झाले. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावर विमान कोसळून त्यांचे निधन झाले. अशा माणसाच्या स्मरणार्थ दिला जाणारा पुरस्कार चिंतामणरावांकडे यावा, हे उचितच होते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्यातून १९५२ साली लोकसभेवर निवडून गेलेले खासदार, देशाचे अर्थमंत्री आणि मुंबई महाराष्ट्राला नाकारली जात आहे हे दिसताच १९५६ साली मंत्रिपदाचा त्याग करणारे स्वाभिमानी पुरुष, ही त्यांची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. संस्कृतचा व्यासंग असलेला अर्थमंत्री पुन्हा या देशाला लाभलेला नाही, ही खंत मात्र जाता जाता नोंदवून ठेवतो.

पुरस्कार मिळाला त्याच १९५९ साली चिंतामणरावांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती पुरस्काराहून मोलाची होती. उच्चपदस्थांवरील, मंत्र्यांवरीलसुद्धा, भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी कायमस्वरूपी न्यायाधिकरण असावे, अशी जाहीर मागणी त्यांनी केली. आपल्याजवळची माहिती अशा न्यायाधिकरणापुढे ठेवण्याची त्यांची तयारी होती. पंडित नेहरूंना ही कल्पना रुचली नाही. त्यामुळे परस्पर संशयाचे आणि दोषारोपांचे वातावरण निर्माण होईल, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९६२ साली संथानम समिती आली, १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला, लोकपाल विधेयके संसदेत येत राहिली आणि विरत राहिली. कायदा झाला २०१३ साली. पहिले लोकपाल नियुक्त झाले २०१९ साली. रोह्याच्या माणसाने मागितलेली गोष्ट दिल्लीने द्यायला बरोबर साठ वर्षे घेतली, आणि दिली तीही कितपत दिली याबद्दल प्रामाणिक मतभेद आहेत.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत याच चिंतामणरावांना भारतीय जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी आपला उमेदवार म्हणून उभे केले होते, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. ते विजयी झाले नाहीत. परंतु सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा असे म्हणणाऱ्याच्या मागे त्या वेळी आपली विचारधारा उभी राहिली होती, ही नोंद इतिहासात आहे. हा वारसा सांगणाऱ्यांवर त्याचे काही ऋणही असते.

आता मनिलाकडे वळू. २८ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (कनिष्ठ) यांनी वार्षिक भाषणात पूरनियंत्रणाच्या कामांतील लुटीबद्दल आपल्याच लोकप्रतिनिधींना सर्वांसमक्ष लाज बाळगण्यास सांगितले. पुढील काही दिवसांत त्यांनी जे आकडे घोषित केले, ते वाचून डोके सुन्न होते. जुलै २०२२ पासून ९,८५५ पूरनियंत्रण कामे, खर्च सुमारे ५४५ अब्ज पेसो. त्यांतील सहा हजारांहून अधिक कामांच्या नोंदींत नेमके काय बांधले, भिंत की बंधारा की गटार, याचाच उल्लेख नाही. कंत्राटदार दोन हजारांहून अधिक. पण एकूण रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा अवघ्या पंधरा जणांकडे गेला. ऑगस्ट महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुलाकान प्रांतातील बालीवाग येथे नदीकाठची एक संरक्षक भिंत पाहावयास गेले. कागदोपत्री भिंत पूर्ण झाली होती, साडेपाच कोटी पेसो अदा झाले होते. जागेवर भिंत नव्हती. पडलेली नव्हे, खचलेली नव्हे; मुळात बांधलीच नव्हती.

तिकडे अशा कामांना ‘भुताटकीची कामे’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. आपल्याकडे ‘कागदावरची विहीर’ म्हणतात. विहीर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाणाऱ्या शेतकऱ्याची कथा मराठी प्रेक्षकांनी चित्रपटातून पाहिली आणि पोट धरून हसले. मनिलात लोक हसले नाहीत. २१ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे थोरल्या मार्कोसने १९७२ साली लष्करी कायदा पुकारला त्या दिवसाच्या स्मरणदिनी, प्रचंड जनसमुदाय रस्त्यावर उतरला. तत्पूर्वी चारच दिवस प्रतिनिधीगृहाचे सभापती मार्टिन रोमुअल्देझ यांनी पद सोडले होते. ते राष्ट्राध्यक्षांचे मामेभाऊ. आपल्यावरील आरोप त्यांनी नाकारले आहेत. नोव्हेंबरात चक्रीवादळ आले आणि सेबू बेटावर पुराने हाहाकार उडविला. देशातील मृतांची संख्या दोनशेवर गेली, त्यांतील बहुतेक सेबूतील. ज्या बेटाच्या डोंगरावर मॅगसेसेंचे विमान कोसळले होते, तेच हे बेट. पूरनियंत्रणावर तेथेही अब्जावधी पेसो ‘खर्ची’ पडलेले होते.

लूट उघड करणारे राष्ट्राध्यक्ष कोण, हेही पाहिले पाहिजे. ज्या अंदाजपत्रकांतून हा पैसा गेला, त्यांवर स्वाक्षरी त्यांचीच. उपराष्ट्राध्यक्षा सारा दुतेर्ते या त्यांच्या पूर्वीच्या सहकारी आणि आताच्या प्रतिस्पर्धी. त्यांच्या कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस साडेबारा कोटी पेसोंचा ‘गोपनीय निधी’ अवघ्या अकरा दिवसांत संपविला. या निधींच्या पावत्या संसदीय समितीसमोर आल्या, तेव्हा त्यांतील एका पावतीवरील नाव कॉफीचे दुकान आणि बटाट्याच्या कुरकुरीत कापांचे पाकीट यांच्या नावांचा संकर निघाले, आणि त्या नावाची व्यक्ती जन्मनोंदणीच्या दप्तरात आढळली नाही. श्रीमती दुतेर्ते यांनी गैरव्यवहार नाकारला आहे. एकीकडे मार्कोस घराणे, दुसरीकडे दुतेर्ते घराणे. जनतेने निवड करावयाची ती या दोहोंत. महाराष्ट्रातील वाचकाला हे वर्णन फार परके वाटणार नाही.

थोरल्या मार्कोसच्या काळातील बटान येथील अणुवीज प्रकल्प तर सार्वजनिक पैशाच्या नासाडीचे पाठ्यपुस्तकच आहे. १९७६ साली काम सुरू झाले, १९८४ च्या सुमारास ते पुरे झाले, खर्च सुमारे २३० कोटी डॉलर. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर तो न चालविण्याचा निर्णय झाला. या केंद्रातून विजेचे एक युनिटही निर्माण झालेले नाही. कर्जाचे हप्ते मात्र फिलिपिनो जनता २००७ पर्यंत फेडीत राहिली. हे वाचताना कोकणवासीयाला गुहागरचा एन्रॉन आठवल्याशिवाय राहणार नाही. १९९५ च्या निवडणुकीत तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची घोषणा आपणच केली होती. सत्ता आली, करार रद्द झाला, आणि काही महिन्यांतच नव्या अटींवर पुन्हा झाला. १९९९ साली वीज आली, २००१ साली ती बंद पडली. आज हे सांगताना कटुता येते, पण सांगितले पाहिजे.

एक विषयांतर करतो. फिलिपिन्स हे नावच स्पेनच्या राजा फिलिपवरून पडलेले, परक्याने लादलेले. त्या भूमीचा स्वतःचा लिखित इतिहास कोठून सुरू होतो? लगुना प्रांतात १९८० च्या दशकाच्या अखेरीस नदीच्या गाळात एक ताम्रपट सापडला. तो त्या देशातील आजवर उपलब्ध झालेला सर्वांत जुना लिखित दस्तऐवज. त्यावरील काल कोणता? शके ८२२, वैशाख मास! लिपी कावी, भाषा जुनी मलय, आणि तीत संस्कृत शब्दांची रेलचेल. विषय काय, तर नामवारन नामक गृहस्थ आणि त्याचे वंशज एका सुवर्णऋणातून मुक्त झाल्याचा दाखला. आपल्या शालिवाहन शकाचा ठसा समुद्रापार उमटलेला पाहून ऊर भरून येतो, हे खरेच. पण अधिक विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या देशाचा पहिला कागद, म्हणजे तांबे, हा देण्याघेण्याचा चोख हिशेब आहे. कोणाचे किती देणे होते आणि ते फिटले, हे अधिकाऱ्यांच्या साक्षीने कायमचे कोरून ठेवलेले. अकराशे वर्षांनंतर त्याच भूमीवर सहा हजार कामांच्या नोंदींत काय बांधले हेच लिहिलेले नाही.

आता आपले घर. कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरणाचा सुमारे ८० कोटींचा अंदाज २०११ साली ६१४ कोटींवर गेला. उंची ३९ मीटरवरून ७१ मीटरवर नेण्यात आली. पेण तालुक्यातील बाळगंगा धरणाचा खर्चही मूळ किमतीच्या दुपटीवर गेला. हे धरण नवी मुंबईच्या पाण्यासाठी, पैसा सिडकोचा, काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाण्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने महामंडळाचे अभियंते आणि कंत्राटदार यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदविला. धरण अपूर्णच राहिले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जावयाच्या, त्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासी बांधवांच्या आयुष्याची मात्र पुरती कोंडी झाली. पुनर्वसन होत नाही म्हणून नवे घर नाही, आणि गाव बुडिताखाली जाणार म्हणून जुन्या घरावर, जुन्या वाटेवर सरकार पैसा लावीत नाही.

या वाढीव खर्चाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण ती कोंढाण्याची किंवा बाळगंगेचीच नाही. प्रथम एक लहानसा अंदाज तयार होतो आणि त्यास प्रशासकीय मान्यता मिळते. जमीन ताब्यात आलेली नसते, वनखात्याची अनुमती नसते. तरीही निविदा निघते आणि कार्यारंभ आदेश दिला जातो. कंत्राटदारास अग्रिम रक्कम पोहोचते. मग लक्षात येते की पाया अधिक खोल हवा, उंची अधिक हवी, माती दुरून आणावयास हवी. नवा अंदाज तयार होतो. तोही मंजूर होतो. या सुधारित प्रशासकीय मान्यतेला सरकारी कचेऱ्यांत ‘सुप्रमा’ असे सुटसुटीत, जवळजवळ लाडके नाव आहे. एका सुप्रमेमागून दुसरी येते. या सर्व प्रवासात एकच कागद असा असतो की ज्यावर सत्य लिहिले जाणे बंधनकारक आहे. तो म्हणजे मोजमाप पुस्तिका. शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन किती घनमीटर खोदले, किती भरले, हे मोजून त्यात लिहावयाचे आणि त्यावरून देयक निघावयाचे. ही पुस्तिका कार्यालयात बसून भरली गेली की बालीवागची भिंत उभी राहते.

याच पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. ते पूर्ण आहे, भरलेले आहे. त्याचे पाणी नवी मुंबईस जाते. आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूस, उन्हाळा आला की माताभगिनी टँकरची वाट पाहतात. रोह्याकडे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांच्या टोकाकडील शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्यासाठी आंदोलने करावी लागली. पाणी आहे, धरण आहे, कालवाही आहे. शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचविण्याच्या कामात कोणासही रस नाही, कारण कालव्यातील गाळ काढण्यात सुप्रमा होण्याजोगे काही नसते.

२०१२ साली सिंचन खर्चावरून महाराष्ट्रात वादळ उठले, श्वेतपत्रिका निघाली, आणि ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. स्टॉकहोमचा जागतिक जलपुरस्कार १९९३ साली मिळविणाऱ्या या व्रतस्थ अभियंत्याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात नितांत आदर आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये भाजपाचे नेते चितळे समितीकडे पुरावे घेऊन गेले ते बैलगाडीतून! कागदांचे गठ्ठे बैलगाडीत रचलेले आणि पुढे घोषणा देणारे कार्यकर्ते, हे छायाचित्र कोण विसरेल? सत्ता आली. डिसेंबर २०१४ मध्ये माजी जलसंपदा मंत्री अजित पवार आणि रोह्याचे सुनील तटकरे यांच्या चौकशीस शासनाने अनुमती दिली. सामान्य माणसाला वाटले, आता काही घडेल.

पुढे काय घडले ते सर्वांसमोर आहे. २०१९ च्या अखेरीस विदर्भातील प्रकरणांत अजित पवार यांचे दायित्व दिसून येत नाही, असे याच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयात सांगितले. जुलै २०२३ मध्ये त्यांचा गट आपल्या सरकारमध्ये भागीदार झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये श्री. तटकरे हे युतीचे उमेदवार होते. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी घरोघर जाऊन मते मागितली आणि ते निवडून आले. दोघांनीही आरोप वेळोवेळी नाकारले, आणि न्यायालयात काहीही सिद्ध झालेले नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. आरोप म्हणजे अपराध नव्हे. परंतु मग दोनच शक्यता उरतात. बैलगाडीतील कागद खोटे होते, तर ते आणणाऱ्यांनी तसे सांगून खेद व्यक्त करावा. कागद खरे होते, तर त्यांचा तपास कोठवर आला हे सांगावे. तिसरी शक्यता, म्हणजे त्या कागदांविषयी बोलणेच सोडून देणे, ही राजकारणात सोयीची असेल. ती आपल्याला शोभणारी नाही. राजकीय युती ही परिस्थितीजन्य अपरिहार्यता असू शकते, हे आम्हांसही कळते. जनसंघाच्या काळापासून अनेक युत्या पाहिल्या. परंतु युतीच्या करारात जनतेच्या पैशाचा हिशेब माफ करण्याचे कलम घालण्याचा अधिकार कोणत्याही नेत्यास नाही. तो पैसा त्यांचा नव्हे.

हे केवळ काँग्रेसी संस्कृतीचे पाप आहे, असे म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्या काही मित्रांना आहे. त्यांनी एकदा पनवेलहून कोलाडपर्यंत मोटारीने यावे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हा केंद्रात मनमोहन सिंगांचे सरकार होते. २०१४ पासून केंद्रात आपले सरकार आहे. कंत्राटदार बदलले, मुदती बदलल्या, उच्च न्यायालयाने शासनाला पुनःपुन्हा फटकारले. दरवर्षी श्रावण संपता संपता मंत्रिमहोदय खड्ड्यांची पाहणी करतात, बाप्पांच्या आगमनापूर्वी रस्ता सुस्थितीत आणण्याचे वचन देतात. पेणच्या मूर्तिकारांचे हात जगभर नावाजलेले. त्यांनी घडविलेल्या मूर्ती त्याच खड्ड्यांतून, गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून, देवाच्या भरवशावर मार्गस्थ होतात. २०२५ च्या गणेशोत्सवातही माणगाव-इंदापूरकडचे वळणरस्ते पुरे झालेले नव्हते. त्याच महामार्गावर चिपळूण येथे बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळला.

आणि मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील घटना तर लिहितानाही हात थरथरतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते अनावृत झाला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. समुद्रावरचा वारा जोराचा होता, असे सांगण्यात आले. सिंधुदुर्गाचा तट त्याच वाऱ्यात साडेतीन शतके उभा आहे.

सार्वजनिक काम नीट होतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याचा पुरावा रोह्यातच आहे. कोकण रेल्वेचा आरंभ होतो तो रोह्यापासून. १९९० साली महामंडळ स्थापन झाले; रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, सह्याद्रीचे कातळ, नव्वदहून अधिक बोगदे, आणि पानवलच्या दरीतला तो अवाढव्य पूल. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली आणि १ मे १९९८ रोजी अटलजींनी तो राष्ट्राला अर्पण केला. खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला होताच, बोगद्यांत माणसेही दगावली. परंतु ७४१ किलोमीटरला आठ वर्षांहून कमी काळ लागला, आणि त्याच रोह्याच्या शेजारून जाणारा ८४ किलोमीटरचा रस्ता चौदा वर्षांत पुरा झाला नाही. कंत्राटदार तेव्हाही होते, राजकारणी तेव्हाही होते. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस हे तर आपल्या विचारांचे कट्टर विरोधक. पण या कामाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ई. श्रीधरन यांनी कामाच्या जागी उलट दिवस मोजणारी घड्याळे लावली होती. जमीनमालकांच्या दारी अधिकारी स्वतः गेले, मोबदला लवकर हाती पडेल हे पाहिले, निर्णयाचा अधिकार जागेवरच्या अभियंत्यास दिला आणि उत्तरही त्याच्याकडूनच मागितले. यात असाध्य असे काय आहे?

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. कौटिल्याने राजद्रव्य हडपण्याचे चाळीस मार्ग मोजून लिहिले आहेत. त्यांत मापातील फरकही आहे आणि नोंदीतील लबाडीही. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो ते कळत नाही, तसाच अधिकारी पैसा केव्हा खातो ते कळत नाही, हा त्याचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. भाषणांतून तो टाळ्या घेतो आणि विसरला जातो. त्याच ग्रंथातील दुसरा नियम कोणी सांगत नाही. हिशेबनिसांनी आषाढात मोहोरबंद वह्या घेऊन राजधानीत यावे आणि तपासणीपूर्वी त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये! माणूस स्वभावतः लबाड आहे की साधू, या चर्चेत कौटिल्य अडकला नाही. त्याने वही मागितली, आणि ती ठरावीक महिन्यात मागितली.

आपणही वही मागितली पाहिजे. प्रत्येक शासकीय कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत देयक अदा होण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेसमोर ठेवावी, असा नियम शासनाने करावा. गावातील गवंडी, निवृत्त शिक्षक, पूर्वी खाणीत काम केलेला मजूर, यांना भिंत किती लांब आहे हे मोजता येते. त्यासाठी मंत्रालयातून पथक यावे लागत नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. पण त्यात पैसा गेल्यावर कागद मिळतो, तोही मिळाला तर. कागद आधी हवा. जमीन ताब्यात आल्याशिवाय आणि विस्थापितांचे पुनर्वसन झाल्याशिवाय कार्यारंभ आदेश निघू नये, आणि दुसरी सुप्रमा मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची तपासणी खात्याबाहेरच्या तज्ज्ञांकडून व्हावी. या मागण्या विरोधी बाकावर असताना करणे सोपे असते. आज सरकार आपले आहे, म्हणून त्या आजच करावयाच्या आहेत. पेण-रोह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावापुरता प्रारंभ करावा: जलजीवन मिशनखाली आपल्या पाड्यावर आलेली पाण्याची टाकी किती लिटरची दाखविली आहे आणि किती लिटरची बांधली आहे, ते मोजून पाहावे.

आणि शासनाकडे एक लहानशी मागणी. बाळगंगा धरणाच्या प्रकरणी ऑगस्ट २०१५ मध्ये नोंदविलेल्या गुन्ह्याचे पुढे काय झाले, किती रक्कम वसूल झाली, किती शेतकऱ्यांना मोबदला पोहोचला आणि धरणाचे काम केव्हा पुरे होणार, हे रायगडच्या जनतेस लेखी कळवावे. एक पान पुरेल. बैलगाडी लागणार नाही.